व्हिडिओ कॉल : अडकू नये म्हणून काय करावं, फसू नये म्हणून काय ओळखावं

बुऱ्हाणपूर : लेक रावेरला दिलेली, मामा भुसावळला, धाकटा मुलगा पुण्यात कंपनीत आणि चुलतभाऊ सुरतेत. बुऱ्हाणपुरातल्या मराठी घराचा नकाशा साधारण असाच असतो. रावेर इथून वीस-पंचवीस किलोमीटर, पण राज्य वेगळं. २०२० च्या टाळेबंदीत सीमेवर नाके लागले आणि पासाशिवाय जाणं-येणं बंद झालं, तेव्हा या वीस-पंचवीस किलोमीटरचा अर्थ लोकांना कळला. त्या काळात कुणी नातवाचं बारसं फोनवर पाहिलं, कुणी माहेरच्या माणसाचं शेवटचं दर्शन फोनवरच घेतलं. नाके उठले, पण व्हिडिओ कॉलची सवय राहिली. आता लग्नासाठी मुलगी बघण्याचा पहिला कार्यक्रमही बऱ्याच घरांत मोबाईलवरच होतो, पोहे नंतर.

सवय चांगली आहे. मात्र याच सवयीचा फायदा घेऊन चोर घरात शिरतात, हेही आता लपून राहिलेलं नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या आकडेवारीनुसार जानेवारी ते एप्रिल २०२४ या चारच महिन्यांत 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली देशभरात १२० कोटी ३० लाख रुपये लुबाडले गेले. हे पैसे तिजोरी फोडून गेलेले नाहीत. व्हिडिओ कॉलवर दिसलेल्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून लोकांनी ते स्वतःच्या हाताने पाठवले.

त्यामुळे व्हिडिओ कॉलबाबत दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. कॉल नीट चालावा कसा, आणि समोर दिसणारा माणूस खरा आहे की नाही हे ओळखावं कसं. पहिली सोपी आहे, म्हणून आधी ती.

कॉल अडकतो तो का?

"नेट फुल आहे, तरी आवाज तुटतोय" ही तक्रार घरोघरी. यूट्यूब सुरळीत चालतं आणि कॉल मात्र थिजतो, याचं कारण साधं आहे. यूट्यूब पाहताना फोन फक्त डेटा खाली खेचतो आणि पुढचा थोडा भाग आधीच साठवून ठेवतो. व्हिडिओ कॉलमध्ये आपला चेहरा आणि आवाज वर पाठवावाही लागतो, आणि तोही त्याच क्षणी. साठवायला वेळच नसतो. फोनच्या पट्ट्या चार दिसल्या तरी वर पाठवण्याचा वेग कमी असला की समोरच्याला आपण तुटक दिसतो. आपल्याला समोरचा स्वच्छ दिसतो, म्हणून आपण म्हणतो, "तुझंच नेट खराब आहे." प्रत्यक्षात दोष आपल्याकडचा असतो.

खर्चाचाही हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. झूम कंपनीच्या मार्गदर्शनानुसार दोघांच्या कॉलमध्ये चित्र चांगलं दिसायचं तर सेकंदाला ६०० किलोबिट वर आणि ६०० किलोबिट खाली लागतात. दोन्ही मिळून १२०० किलोबिट, म्हणजे १५० किलोबाइट. मिनिटाला ९ एमबी, तासाला ५४० एमबी. रोजचा दीड जीबीचा पॅक पावणेतीन तासांत संपतो. संध्याकाळी आजी नातवाशी तासभर बोलली आणि रात्री मुलाचा ऑनलाइन क्लास अडकला, तर रागावण्याआधी हा हिशोब आठवावा. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जच्या 'स्टोरेज अँड डेटा' भागात 'यूज लेस डेटा फॉर कॉल्स' हे बटण असतं. ते चालू केलं की चित्र थोडं धूसर होतं, पण पॅक टिकतो आणि कमजोर नेटवर कॉलही टिकतो.

सीमेवरच्या लोकांची अडचण याहून वेगळी आहे. मोबाईल कंपन्यांच्या हिशोबात बुऱ्हाणपूर मध्य प्रदेश-छत्तीसगढ सर्कलमध्ये येतं आणि रावेर, मुक्ताईनगर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. इच्छापूरच्या बाजूला किंवा सीमेलगतच्या केळीच्या मळ्यात उभ्या असलेल्या माणसाचा फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा. अशी उडी मारताना चालू कॉल तुटू शकतो. यात फोनचा दोष नसतो. आपलं सर्कल सोडून गेल्यावर काही फोनमध्ये 'डेटा रोमिंग' चालू केल्याशिवाय नेटच लागत नाही. बुऱ्हाणपूरचं सिम घेऊन जळगावला लग्नाला गेलेला माणूस दिवसभर "नेट नाही, नेट नाही" करत बसतो ते बहुतेक वेळा या एका बटणामुळे. मळ्यातून महत्त्वाचा कॉल असेल तर एका जागी उभं राहून करावा, गाडीवरून जाताना नको. गाडीवरून कॉल करण्याचं दुसरं संकट सांगायची गरज नाही.

घरात वायफाय असेल तर राउटरची जागा पाहावी. जुन्या शहरातल्या घरांच्या भिंती जाड, खोल्या एकामागे एक, आणि राउटर मात्र वायर जिथून आली तिथेच पुढच्या दाराशी टांगलेला. त्यावर दोन नावं दिसत असतील तर 'पाच जी' असं लिहिलेलं नाव वेगवान असतं, पण त्याची लहर भिंतीतून फारशी जात नाही. मागच्या खोलीत बसणाऱ्याने दुसरं, जुनं नाव निवडावं. वेग कमी दिसेल, कॉल मात्र चालेल. तेवढ्या वेळापुरता टीव्हीवरचा सिनेमा बंद करायला घरात कुणी तयार होईल का, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न.

आवाजाचं म्हणाल तर पॉवरलूमच्या गल्लीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. लूमची खटखट आपल्या कानाला सवयीची झालेली असते, पण समोरच्याला तीच आधी ऐकू येते. वायरवाले साधे इयरफोन लावले की माईक तोंडाजवळ येतो आणि निम्मा गोंधळ मिटतो. एकाच खोलीत दोघं वेगवेगळ्या फोनवरून त्याच कॉलवर असतील तर आवाज घुमतो. एकाने माईक बंद करावा. खिडकीकडे पाठ करून बसलं की चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेड समोरून घ्यावा. कॉल अगदीच रडायला लागला तर आधी कॅमेरा बंद करावा. आवाजाला डेटा फार थोडा लागतो, बोलणं तरी पुरं होतं.

ग्रुप कॉलची मर्यादाही ठाऊक असावी. व्हॉट्सॲपवर एका कॉलमध्ये ३२ जण बसतात. गूगल मीटवर फुकटात तीन किंवा जास्त जणांचा कॉल ६० मिनिटांनी संपतो, झूमवर ४० मिनिटांनी. साखरपुडा दाखवायचा असेल तर मुहूर्ताच्या पाच मिनिटं आधी जोडावं, पाहुण्यांच्या चहापासून नको. आणि कॉलची लिंक शंभर जणांच्या ग्रुपवर टाकू नये. ती पुढे कुणाकडे जाते यावर आपला ताबा राहत नाही. २०२० मध्ये झूमच्या वर्गांत आणि बैठकांत अनोळखी लोक घुसून घाणेरडी चित्रं दाखवू लागले ते अशा फिरत्या लिंकमुळेच. त्यानंतर झूमने पासवर्ड आणि 'वेटिंग रूम' आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. सत्संग असो की कोचिंग क्लास, आत घेणाऱ्याने नाव पाहूनच आत घ्यावं.

वर्दी दिसली म्हणजे पोलीस नव्हे

आता मुख्य मुद्दा.

डिजिटल अरेस्टचा खेळ ठरावीक पायऱ्यांनी चालतो. आधी साधा फोन येतो. "तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत" किंवा "तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गैरप्रकार झालेत, दोन तासांत नंबर बंद होईल." मग "पोलिसांशी जोडून देतो" म्हणत व्हिडिओ कॉल. समोर वर्दीतला माणूस, मागे झेंडा, भिंतीवर चिन्ह, टेबलावर फायली. मनी लाँड्रिंगचा गुन्हा आहे, चौकशी संपेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही, कुणालाही सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. शेवटी "पडताळणीसाठी" पैसे एका खात्यात ठेवा, निर्दोष निघालात की परत मिळतील.

वाचताना हसू येईल, पण अडकलेली माणसं भोळी नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना ठगांनी असंच गाठलं. व्हिडिओ कॉलवर खोटं सर्वोच्च न्यायालय उभं केलं, तेव्हाचे सरन्यायाधीश म्हणून कुणाला तरी बसवलं आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका आजींकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात २० कोटींहून जास्त रक्कम गेली. त्या सतत खोलीत कोंडून घेतात, वागणं बदललंय, हे आधी घरकाम करणाऱ्या बाईच्या लक्षात आलं. भोपाळच्या अरेरा कॉलनीत नोव्हेंबर २०२४ मध्ये एका व्यावसायिकाला ठगांनी असंच खोलीत बसवून ठेवलं होतं. तिथे मध्य प्रदेश सायबर पोलीस कॉल चालू असतानाच घरात पोचले आणि पैसे वाचले. खरे पोलीस समोर आले आणि त्यांनी ओळखपत्र मागितलं, तशी पडद्यावरच्या खोट्या पोलिसांनी लाइन तोडली.

बुऱ्हाणपूरच्या मराठी माणसाला यात एक वेगळा धोका आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. आपल्याकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. तहसील, थाना, बँक, कोर्ट, सगळं हिंदीतून. लहानपणापासून कानाला सवय अशी की, करड्या आवाजातली शुद्ध हिंदी म्हणजे सरकार बोलतंय. "माननीय न्यायालय के आदेशानुसार" असं कुणी म्हटलं की घरातली मोठी माणसं आपोआप उभी राहतात. ठगाला हे माहीत असण्याची गरज नाही, तो सगळ्यांशी तशीच हिंदी बोलतो. पण आपल्याकडे ती जास्त लागू पडते. गंमत म्हणजे हे ठग बऱ्याचदा स्वतःला 'मुंबई क्राईम ब्रांच'चे म्हणवतात. मुंबई पोलीस असेल तर त्याला मराठीत विचारावं, "साहेब, पोलीस ठाणं कुठलं? तुमच्या वरच्या साहेबांचं नाव काय? ठाण्याचा लँडलाइन सांगा, मीच फोन करतो." यावर कित्येक जण गडबडतात. अर्थात एखाद्या टोळीत मराठी बोलणाराही असू शकतो, म्हणून अस्खलित मराठी ऐकू आली की विश्वास टाकावा असं मात्र नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहिलं की भीती निम्मी होते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे अटक करताना पोलिसाला त्या व्यक्तीच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावावा लागतो किंवा तिला अडवून धरावं लागतं; ती बोलून किंवा कृतीतून स्वतःहून ताब्यात आली तर गोष्ट वेगळी. पण पोलीस समोर हवाच. कॅमेऱ्यातून अटक, खोलीत नजरकैद, ऑनलाइन जामीन, चौकशीपुरती खात्यात रक्कम, यातलं काहीही भारताच्या कायद्यात नाही. चौकशीला हजर राहण्याची कलम ३५ ची नोटीसही पोलिसांनी व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे.

तरी "सरकारी काम फोनवर कधीच होत नाही" असं ठामपणे धरून बसणंही चूक. न्यायालयाचं समन्स आता इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं, सुनावणी व्हिडिओवर होते, ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टर व्हिडिओ कॉलवर तपासतात, आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० पासून बँकांना व्हिडिओवरून केवायसी करायची परवानगी दिलेली आहे. मग खरं-खोटं ओळखायचं कसं? सुरुवात कुणी केली ते पाहावं. खरा केवायसी कॉल आपण बँकेच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर स्वतः अर्ज केल्यावर, तिथूनच सुरू होतो. अधिकारी पॅनकार्ड दाखवायला सांगतो, काही प्रश्न विचारतो, फोटो घेतो आणि संपलं. खऱ्या सुनावणीची लिंक वकिलाकडून किंवा कोर्टाकडून, आपल्याला माहीत असलेल्या खटल्यातच येते. डॉक्टरकडे आपणच नंबर लावलेला असतो. आपण न मागता आलेला कॉल, त्यात धमकी, "कुणाला सांगू नका" आणि पैसे, एवढं जुळलं की पुढे ऐकायची गरज नाही. लाल बटण दाबावं. खऱ्या पोलिसाचा कॉल तोडल्याबद्दल कुणाला फाशी होत नाही. काम असेल तर तो घरी येईल.

हे प्रकरण किती वाढलं याचा अंदाज यावरून यावा की, अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी डिजिटल अरेस्टच्या देशभरातल्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. त्या दांपत्याला न्यायालयाचेच खोटे आदेश दाखवले होते.

ओळखीचा चेहरा, अनोळखी माणूस

पोलीस ओळखीचा नसतो, म्हणून संशय तरी घेता येतो. कॉलवर मित्रच दिसला तर? जुलै २०२३ मध्ये केरळातल्या कोझिकोडच्या एका निवृत्त माणसाला व्हॉट्सॲपवर जुन्या सहकाऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा तोच, आवाज तोच, जुन्या मित्रांची नावंही बरोबर. नातेवाईकाच्या ऑपरेशनसाठी ४० हजार हवेत म्हणाला, यांनी पाठवले. लगेच आणखी ३५ हजार मागितले तेव्हा शंका आली. त्यांनी त्या मित्राच्या जुन्या नंबरवर फोन लावला, तर मित्राने कॉल केलेलाच नव्हता. चेहरा संगणकाने बनवलेला होता. पोलिसांनी ती रक्कम नंतर परत मिळवली. पुढे २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधून बातमी आली की एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपल्या वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना पाहून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले ते सगळे चेहरे नकली होते.

कोझिकोडचा कॉल फार थोडा वेळ चालला होता. असे कॉल अनेकदा तुटक असतात, चित्र अंधुक असतं आणि "नेट नाहीये" म्हणून लवकर तोडले जातात. आपल्याकडे नेट खरंच नसतं, त्यामुळे हे कारण पटतंही. चेहऱ्यासमोरून हात फिरव, मान पूर्ण बाजूला वळव असं सांगितलं की नकली चित्र कधीकधी फाटतं. पण तंत्र रोज सुधारतंय, त्यावर विसंबून चालणार नाही. याहून पक्का उपाय घरातच आहे. आपल्या भागात बोलींची काय कमी? कुणाकडे लेवा गणबोली, कुणाकडे अहिराणी, कुणाकडे निमाडी मिसळलेली मराठी. पैसे मागणाऱ्याला घरच्या बोलीत घरचाच प्रश्न विचारावा. मोठ्या आत्याला घरात काय म्हणतात, मागच्या पोळ्याला कोण आलं होतं, असं काही फेसबुकवर नसलेलं. काही कुटुंबांनी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवला तर उत्तमच. आणि प्रश्न विचारून झाला तरी कॉल तोडून आपल्याकडे जतन केलेल्या नंबरवर परत फोन लावावा. खरा भाचा रागावणार नाही, आणि रागावला तर समजून सांगता येतं.

लाजेवर चालणारा धंदा

तिसरा प्रकार तरुण पोरांपासून साठीच्या दुकानदारांपर्यंत सगळ्यांना गाठतो, पण तक्रार फार कमी जण करतात. रात्री अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल. उचलला की समोर विवस्त्र बाईचा व्हिडिओ, बहुतेकदा आधीच रेकॉर्ड केलेला. दहा सेकंदांत आपला चेहरा आणि तो व्हिडिओ एकाच पडद्यावर टिपला जातो. मग "नातेवाइकांना पाठवू" अशी धमकी, पाठोपाठ 'सीबीआय' किंवा 'यूट्यूब'चा माणूस बनून व्हिडिओ काढून टाकण्याचे पैसे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. व्हॉट्सॲपचे कॉल कुलूपबंद असतात, म्हणजे मधल्या वाटेवर कुणी ऐकू-पाहू शकत नाही, हे खरं. पण कुलूप वाटेला आहे, समोरच्याच्या घराला नाही. समोरच्याने स्वतःच्या पडद्याचं रेकॉर्डिंग केलं तर आपल्याला सूचनाही येत नाही. हे लग्न ठरवताना नव्या ओळखीत बोलणाऱ्या मुलींनाही लागू आहे. कॅमेऱ्यासमोर जे केलं ते कुणाच्या तरी फोनमध्ये साठवलं जातंय असं धरूनच वागावं.

धमकी आली तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही, हा रोजचा अनुभव पोलीसही सांगतात. नंबर, चॅट, पैसे मागितलेल्या यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग ब्लॉक करावं. हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा आहे आणि तक्रार करणारा त्यात आरोपी नसतो. घरात कुणी असा अडकला असेल तर त्याला आधी धीर द्यावा. "तू उचललाच कशाला" हे नंतर विचारता येईल.

असे कॉल मुळातच कमी करायचे तर व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स या वाटेने जाऊन 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करावं. २०२३ पासून ही सोय आहे. अनोळखी नंबरचा कॉल वाजत नाही, फक्त यादीत दिसतो. आखातात किंवा दुसऱ्या राज्यात असलेल्या नातेवाइकांचे नंबर आधी जतन करून ठेवावेत, नाहीतर त्यांचाही कॉल गप्प होईल. त्याच भागात प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवता येतं. 'टू स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावून ठेवावा. आजीच्या फोनमध्ये हे सगळं करायला नातवाला दहा मिनिटं लागतात.

पडदा दाखवणं म्हणजे चावी देणं

ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सॲप कॉलमध्ये आपल्या फोनचा पडदा समोरच्याला दाखवता येतो. मुलाने दूर बसून आईला सेटिंग समजावून सांगायला फार उपयोगी. पण 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला पडदा दाखवला की फोनवर आलेला ओटीपी तो वरच्या पट्टीत वाचतो, खात्यातली शिल्लक पाहतो. ओटीपी कुणाला सांगितला नाही म्हणून आपण निश्चिंत, आणि त्याने तो वाचलेला. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखी ॲप टाकायला लावणारे किंवा लग्नपत्रिका, चलन म्हणून 'एपीके' फाइल पाठवणारे हेच दुसऱ्या वाटेने करतात. बँक, वीज कंपनी, गॅस एजन्सी यांना आपला पडदा पाहायचं काहीही कारण नसतं.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० वर. बँकेची शाखा उघडण्याची वाट पाहू नये. ठग मिळालेली रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या, तिथून पाचव्या खात्यात फिरवतात. १९३० वर तक्रार नोंदली की संबंधित बँकांना कळवून वाटेतली रक्कम थांबवता येते. ओसवाल यांच्या प्रकरणात ७ पैकी सव्वापाच कोटी परत मिळाले. फोन करताना आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि ज्या खात्यात वा यूपीआयवर पाठवले ते हाताशी ठेवावं. फोन लागला नाही तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पैसे गेले नाहीत, नुसता संशयित कॉल आला, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे.

बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक बारकावा आहे. ग्राहकाचा किंवा बँकेचा काहीच दोष नसताना तिसऱ्याच कुणी व्यवहार केला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. डिजिटल अरेस्टमध्ये माणूस स्वतः पैसे पाठवतो, म्हणून बँकेकडून भरपाईची आशा धरण्यापेक्षा रक्कम वाटेतच अडवणं महत्त्वाचं ठरतं.

या पैशांची वाट ज्या खात्यांतून जाते ती खाती बऱ्याचदा आपल्यासारख्याच गावांतल्या पोरांची असतात. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो" म्हणून पासबुक, एटीएम आणि सिम घेऊन जातात. पोलीस आले की पहिलं नाव त्या पोराचं निघतं. बेरोजगारी आहे, दोन-पाच हजार मोठे वाटतात, हे समजतं. पण फसवणुकीचा पैसा ज्या खात्यात उतरला त्या खातेदाराला "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर सुटका मिळत नाही.

शेवटी हद्दीचा प्रश्न, जो सीमेवर नेहमी आडवा येतो. माणूस रावेरचा, खातं बुऱ्हाणपूरच्या बँकेत, पैसे गेले तेव्हा तो खंडव्याला होता, ठग कुठला ते देवाला ठाऊक. तक्रार कुठे द्यायची? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्याने ती नोंदवून योग्य हद्दीत पाठवायची असते. ऑनलाइन किंवा ईमेलने माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदवलेल्या एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्यावी. "हे महाराष्ट्राचं प्रकरण आहे, तिकडे जा" असं बुऱ्हाणपुरात किंवा "मध्य प्रदेशात जा" असं रावेरमध्ये कुणी सांगितलं, तर कलमाचा आकडा सांगावा : १७३. अर्जावर त्याचा उल्लेख करून पोच मागावी, आणि ठाण्यात जाण्याआधी १९३० वरचा तक्रार क्रमांक घेऊन ठेवावा.